शेवटच्या अंतऱ्यातलं नाव

आत्या,

तुझ्या गाण्याचा शेवटचा अंतरा मला आठवत नाही, असं मी मिलिंदला सांगितलं. धडधडीत खोटं. तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "हिला आठवत नाय? झोपेतून उठवून विचार."

तुला पोचवून आलेले पाहुणे नुकते कुठे पांगले होते, तोवर त्याचा फोन आला. "ताई, रविवारी नायगावच्या जुन्या विहारात पुण्यानुमोदन ठेवलंय. आईचं गाणं तूच म्हण." मग म्हणाला, "आणि ताई, आईने सांगून ठेवलंय. नुसतं म्हणायचं. गाणं कुणाचं, कुणी केलं, काही बोलायचं नाही." तुझा मुलगा सरळ आहे. आई म्हणाली पूर्व, की त्याची पूर्व. मी म्हटलं, "बघते रे. शेवटचा अंतरा नीट आठवत नाही." तो "अगं असं कसं" म्हणेपर्यंत मी फोन ठेवला होता.

तेव्हापासून रविवारपर्यंत मी एका जागी बसले नाही. ऑफिसात साहेबांनी सांगितलेलं टायपिंग अर्धं सोडून मी चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहत होते. भाजीत मीठ घालायचं राहून जात होतं. एकदा परळला उतरून, काही काम नसताना, लालबागला तुझ्या मसाल्याच्या गल्लीपर्यंत चालत गेले. जिथे बसून तू मिरच्यांची देठं खुडायचीस त्या पायरीवर आता कोणीतरी मोबाईलची कव्हरं विकतो. ठसका मात्र लागला, तोच जुना. डोळ्यांतून पाणी आलं, ते मिरचीचं की तुझं, हे मला ठरवायचं नव्हतं.

त्या शेवटच्या अंतऱ्यावरून आपण जन्मभर भांडलो, आत्या. आणि तू भांडण अर्धं टाकून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

भागाबाई गेली तेव्हा मी शाळेत होते. तुझ्याबरोबर मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात काम करणारी, मागेपुढे कोणी नसलेली भागाबाई. चाळीनेच तिचं सगळं केलं, आणि पुण्यानुमोदनाला आपल्याच गायन पार्टीला बसवलं. तू तेव्हा कोरसमध्ये मागे बसायचीस आणि टाळ्या द्यायचीस. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मग पेटीमास्तरांनी नेहमीची भीमगीतं सुरू केली. खोलीच्या दारात उभी असलेली कोणी बाई म्हणाली, "मास्तर, ही गाणी लय मोठ्या मानसांची. आमची भागी एवढी मोठी नव्हती ओ. तिच्यापुरतं काय तरी म्हणा." मास्तर गोंधळले. पेटीवर त्यांची बोटं तशीच राहिली. भागाबाईपुरतं गाणं कुणाकडेच नव्हतं.

तिच्या दोरीवर अर्धी शिवलेली गोधडी लटकत होती. सुई त्यातच खोचलेली. तू तिच्याकडे बघत होतीस, हे मी तुझ्या पाठीमागून पाहिलंय. आणि मग तू बसल्या जागी, कुणाला न विचारता सुरू केलंस:

राहिलं तुझं जे काम, ते आम्ही करू,
जा तू निवांत, मागं नको आता फिरू.

मास्तरांनी तुला सूर दिला. तू एकेक ओळ जोडत गेलीस, बायका मागून म्हणत गेल्या. तिचा चहाचा कप, तिचं पाळीवर धावत जाणं, नळावरचं भांडणसुद्धा तू त्यात घातलंस. लोक रडता रडता हसले. स्वर्ग नाही, पुढचा जन्म नाही, 'पुन्हा भेटू' नाही. पुढे एका मोठ्या मास्तरांनी तुला सुचवलं होतं, की शेवटी 'पुन्हा भेटू' टाका, लोकांना आवडतं. तू म्हणालीस, "भेटनार नाय ते ठावं हाय आपल्याला. मेलेल्या मानसाच्या दारात खोटं कशाला बोला?" एवढं बोलून तू पुन्हा मिरच्या खुडायला लागलीस.

पण मला बोलायचंय ते शेवटच्या अंतऱ्याबद्दल. आपल्याकडची रीत अशी, की शेवटच्या अंतऱ्यात कवीने आपलं नाव गुंफायचं. त्यालाच छाप म्हणतात. गाणं गावोगाव गेलं, कागद हरवला, गाणारा मेला, तरी त्या एका ओळीमुळे कळतं की हे अमक्याचं. त्या दिवशीही तू तिथे आलीस तेव्हा मास्तरांनी मान वर केली. त्यांना वाटलं, कौसाबाई आता आपलं नाव घेणार. आणि तू म्हणालीस:

कुणाचं घर हे पुसेल कोणी, सांगू त्याला,
भागाबाईचं घर हे, दिवा लागला.

गाणाऱ्याच्या नावाची जागा तू मेलेल्या बाईला देऊन टाकलीस. खोलीत कोणीतरी खरंच दिवा लावला.

ती गोधडी पुढे तू पुरी केलीस, वाकड्यातिकड्या टाक्यांनी. भागाबाईच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं, तरी किती वर्षं सगळे तिला 'भागाबाईचं घर'च म्हणायचे.

मग काय, ज्याच्या घरी कोणी जाईल तिथून तुला बोलावणं. आणि तुझी ती पद्धत मला पाठ आहे. घरात शिरायच्या आधी तू उंबऱ्यापाशीच थांबायचीस. घरातल्या कोणा बाईला बाजूला घेऊन हळूच विचारायचीस, "घरात काय हाक मारायचे?" रेशन कार्डावरचं नाव तुला नको असायचं. मग तिथेच भिंतीला टेकून ते नाव तोंडातल्या तोंडात चालीवर घोळवायचीस. लांब असेल तर घाईत घ्यायचीस, आखूड असेल तर पहिलं अक्षर ताणायचीस. बसलं, की मान हलवायचीस आणि चप्पल काढायचीस. तोवर चप्पल पायातच. आत माणसं ताटकळलेली, मी तुझा पदर ओढतेय, "आत्या, चल ना," आणि तू आपली दारात उभी.

गाणं तुझ्या हातातून केव्हा सुटलं, तुलाही कळलं नाही. डिलाईल रोडला गेलं, वरळीला गेलं, गणपतीला गावी गेलेल्यांबरोबर कोकणात गेलं. लालबागच्या एका भजनी मंडळाने ते आपल्या चालीत घेतलं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा मी फणसवाडीत तिच्या घरी गेले होते. तिथे एक आजीबाई डोळे मिटून तुझंच गाणं म्हणत होत्या. अध्येमध्ये त्यांनी देव घातला होता, पण शेवटच्या अंतऱ्यात मैत्रिणीच्या वडिलांचं नाव बरोबर जागेवर. मी त्यांना विचारलं, हे कुणाचं? त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पूर्वापार म्हणतात." पूर्वापार! माझ्या डोळ्यांदेखत जन्मलेलं गाणं. मी तशीच तुझ्याकडे आले आणि तोंडाचा पट्टा सोडला. तू शांतपणे सगळं ऐकून विचारलंस, "सुरात होती का ती?"

त्याहून मोठं भांडण दादरचं. सहा डिसेंबरला आपण दोघी रांगेतून बाहेर येऊन स्टॉलवर पुस्तकं बघत होतो, आणि समोरच्या सीडीवाल्याच्या स्पीकरवर ते लागलं. मागे सिंथेसायझर, ढोलकी पळतेय नुसती. शेवटचा अंतरा आला आणि त्या गायकाने तिथे चक्क स्वतःचं नाव घेतलं. स्वतःच्या घराचं कौतुक. अंगाचा तिळपापड झाला माझा. मी त्या स्टॉलवाल्याशी भांडायला लागले तर तो म्हणाला, "मॅडम, मी फक्त विकतो. सीडीवर लिहिलंय बघा, पारंपरिक." लोक जमले. तू मला दंडाला धरून बाजूला नेलंस, पदरातले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवलेस आणि म्हणालीस, "ढोलकी लय घाईत हाय. मयताचं गाणं हाय, वरात नाय."

"आणि नाव?" मी ओरडले. "त्याने स्वतःचं नाव घातलंय, आत्या."

"घालू दे. मेला की कळेल त्याला."

मी तरी किती विनवलं तुला. वकिलांच्या ऑफिसात काम करते मी, या गोष्टी रोज बघते. म्हटलं, आपण नोंदणी करू, मी सगळं बघते, तू फक्त सही कर. नाहीतर निदान एक अंतरा वाढव, त्यात तुझं नाव घाल, मूळचा तसाच राहू दे. तू हो म्हणायची नाहीस, नाही म्हणायची नाहीस. चष्मा पुसत बसायचीस. आपल्या बायकांनी हेच केलं गं वर्षानुवर्षं, असं मी म्हणायचे. घरं उभी केली, मुलं शिकवली, गाणी रचली, आणि दारावर पाटी दुसऱ्याची. तू भागाबाईला नाव दिलंस, तसं तुला कोणी द्यायचं? यावर एकदा तू मला म्हणालीस, "वंदे, तू लय चांगलं बोलतेस. इलेक्शनला उभी राहा." आणि विषय संपला.

शेवटच्या दुखण्यात अँटॉप हिलला मिलिंदकडे तुला भेटायला आले तेव्हा आवाज उरला नव्हता तरी तू बोललीस. "मी गेल्यावर पन सांगायचं नाय." मी तुझ्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिले. हो म्हटलं नाही. तुला ते कळलं होतं, कारण तू तोंड भिंतीकडे केलंस. आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं, याचा त्रास मला होतो. तू जरा तरी समजावून सांगायचं होतंस. कारण सांगितलं असतंस तर मी वाद घातला असता, पण निदान वाद घालायला काहीतरी हातात असतं.

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. माझी आई गेली तेव्हा तू आली होतीस. तुझी वहिनीच ती, तिचं नाव तुला कुणाला विचारायचं नव्हतं. तरी तू उंबऱ्यापाशी थांबलीस. मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "काय म्हणू? तू सांग." मी म्हटलं, "सुमनबाई." तू ते चालीवर घोळवलंस, मान हलवलीस, चप्पल काढलीस. आणि 'सुमनबाईचं घर हे' म्हणालीस तेव्हा इतके तास आवरून धरलेली मी रडले. दवाखान्याच्या कागदांवर, दाखल्यांवर तिचं नाव दिवसभर लिहून लिहून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तू ते परत आणून दिलंस. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही. आता मानते.

तर रविवार. मी मिलिंदला आदल्या दिवशी कळवलं, आठवला अंतरा. सकाळी विहारात गेले. अर्धी चाळ पाडलीय, पत्र्यांच्या आडून क्रेन दिसते, पण विहार अजून आहे. तुझी माणसं कुठून कुठून आली होती, नालासोपारा, कल्याण, अँटॉप हिल. तुझ्या कोरसमधल्या उरलेल्या सगळ्या. शांताकाकीला दोघींनी धरून आणलं. पत्रिकेवर मिलिंदने 'कालकथित कौसल्याबाई' असं छापलं होतं. मी पत्रिका उलटी करून मांडीवर ठेवली.

माझं ठरलं होतं. गाणं म्हणायचं, तुझं नाव त्या जागी घ्यायचं, आणि मग माईक न सोडता सांगायचं की हे हिचं. तू रागाव, नाहीतर काही कर. आठवडाभर स्वयंपाकघरात मी 'कौसाबाईचं घर हे' घोकत होते. बसतं छान. भागाबाईसारखंच बसतं.

गाणं चांगलं झालं, आत्या. ढोलकीवाल्याला मी आधीच सांगितलं होतं, वरात नाही. बायका मागून उचलत होत्या. शेवटचा अंतरा आला. 'कुणाचं घर हे पुसेल कोणी, सांगू त्याला' म्हणून मी श्वास घेतला, आणि माझ्या तोंडून आलं:

"सुमनबाईचं घर हे..."

माझ्या आईचं नाव. एवढं घोकूनही. लाजेने कानशिलं तापली. पण त्याच क्षणी मागून शांताकाकीचा आवाज आला, "दगडूचं घर हे." तिचा नवरा. डावीकडून कोणी म्हणालं अनुसयाचं, कोणी राजूचं. एकीने नुसतं 'बाळाचं' म्हटलं. कोरसमधली प्रत्येक बाई आपापल्या घरचं नाव घेऊन बसली होती. चाल कोलमडली. ढोलकीवाल्याचा हात हवेतच राहिला, पेटीवर एक सूर तेवढा चालू. कुणी हसलं नाही. आम्ही एकमेकींकडे बघत होतो.

शांताकाकी डोळे पुसत म्हणाली, "अगो, तोंडातून तेच आलं. परत घे, वंदे."

परत घेतलं. दुसऱ्यांदा सगळ्यांनी एका आवाजात 'कौसाबाईचं घर हे, दिवा लागला' म्हटलं. मिलिंदने तुझ्या फोटोपुढची मेणबत्ती लावली. याच क्षणाची मी इतकी वर्षं वाट बघत होते, आणि समाधान म्हणून वाटलं नाही. कारण मागे बसलेल्या नव्या पिढीने ते नेहमीसारखंच ऐकलं. गेलेल्या बाईचं नाव, बस्स.

म्हणून मी बोलले. मिलिंद खाली मान घालून बसला होता, त्याच्याकडे न बघता बोलले. हे गाणं तुम्ही मोबाईलवर ऐकता, गाडीवर वाजवता, ते पारंपरिक नाही. ते या बाईने केलं. इथेच, या चाळीत, भागाबाईच्या खोलीत बसून केलं, आणि मी तिथे होते. एवढंच. लांबलचक बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज टिकला नाही.

जुन्या बायकांना त्यात नवीन काही नव्हतं. पोरं मात्र वळून तुझ्या फोटोकडे बघायला लागली. तुझं ऐकलं नाही मी, आत्या, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. हे एकदा कुणीतरी मोठ्याने सांगायलाच हवं होतं.

जेवणं चालू असताना एक तरुण बाई माझ्याजवळ आली. अँटॉप हिलच्या कॉलनीतली, मिलिंदच्या शेजारची. ताट हातातच होतं. म्हणाली, "ताई, मला माहीतच नव्हतं. आम्हाला वाटायचं ते त्या गायकाचंच आहे." मग जरा घुटमळली. "आमचे सासरे मागच्या आठवड्यात गेले. पुढच्या रविवारी घरी आहे कार्यक्रम, हे गाणं म्हणायचं होतं. आता शेवटी आजींचं नाव घ्यायचं ना? कौसाबाईंचं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला हे विचारत होतं. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. हो, म्हणायचं होतं. घ्या, तिचंच घ्या, आणि सगळ्यांना सांगा. तिच्या ताटातला भात गार होत होता आणि तिने त्याला हात लावला नव्हता. आठवडा झाला असेल, तिला कुणी सासऱ्यांबद्दल काही विचारलंही नसेल. कागदपत्रं झाली असतील, पाहुण्यांचे चहा झाले असतील.

"सासऱ्यांना घरात काय हाक मारायचे?" मी विचारलं.

"नाव ज्ञानेश्वर होतं."

"ते नाही गं. घरात."

"दादू," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा हलला.

मी भिंतीला टेकले. दोनदा चालीवर घोळवून बघितलं. आखूड आहे, पण बसतं.

"'दा' जरा लांबवायचा," मी तिला म्हटलं. "म्हण बघू माझ्यामागून."